सुट्या चहाची पारख

लातूर जिल्ह्याच्या ईशान्य टोकाला, उदगीर, अहमदपूर, मुखेड आणि कंधार या चार गावांच्या मधोमध जळकोट वसले आहे. बालाघाटच्या माळरानावरील हा तालुका आसामच्या चहाबागांपासून सरळ रेषेत मोजला तरी सुमारे दोन हजार किलोमीटर दूर आहे. महाराष्ट्रात चहाची व्यापारी लागवड होत नाही. तरीही तालुक्याच्या गावातील कोणत्याही किराणा दुकानात गेल्यास नामांकित कंपन्यांच्या पुड्यांबरोबर डब्यातून वजन करून दिला जाणारा सुटा चहा मिळतो. मोठ्या दाण्याचा, मध्यम दाण्याचा, अगदी बारीक भुकटीचा, आणि दुकानदाराने स्वतः मिसळून तयार केलेला, असे त्याचे तीन-चार प्रकार असतात. दरात फरक असतो आणि चवीतही. मात्र हा फरक नेमका कशाचा आहे, हे गिऱ्हाईक सहसा विचारत नाही आणि दुकानदारही फारसे सांगत नाही. ‘हा कडक आहे’ आणि ‘हा त्यापेक्षा चांगला आहे’ एवढ्या दोन वाक्यांत व्यवहार उरकतो.

पुडीवरच्या चहाला निदान कंपनीच्या नावाचा आधार असतो. सुट्या चहाला तो नसतो. त्यामुळे त्याची पारख गिऱ्हाइकालाच करावी लागते, आणि ती करणे वाटते तितके अवघड नाही.

एक झाड, अनेक चहा

काळा, हिरवा, पांढरा आणि चिनी पद्धतीचा ऊलाँग हे सारे चहा ‘कॅमेलिया सायनेन्सिस’ या एकाच वनस्पतीच्या पानांपासून तयार होतात. तिचे दोन मुख्य प्रकार आहेत : लहान पानांचा चिनी आणि मोठ्या पानांचा आसामी. दार्जिलिंगच्या बागांत मुख्यतः पहिला, तर आसाममध्ये दुसरा आढळतो. चहाचा रंग आणि चव पुढे ठरते ती तोडलेल्या पानाचा हवेशी किती वेळ संयोग होऊ दिला यावर. हिरव्या चहात ही क्रिया उष्णता देऊन लगेच थांबवली जाते. काळ्या चहात ती पूर्ण होऊ दिली जाते. गवती चहा मात्र या कुळातला नव्हेच. ते एक सुवासिक गवत आहे. मराठी माणसाने त्याच्या नावात चहा घातला म्हणून त्यात चहाचा अंश येत नाही. ही बाब बहुतेकांना ठाऊक असते, तरी ‘आम्ही चहा पीत नाही, गवती चहा घेतो’ असे सांगणाऱ्यांच्या कपात बहुधा दोन्ही असतात.

आपल्याकडे घरोघरी उकळला जातो तो दाणेदार चहा ‘सीटीसी’ पद्धतीचा. पान चिरडणे, फाडणे आणि वळणे या तीन क्रियांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून हे नाव पडले. विल्यम मॅकर्चर यांनी १९३० च्या सुमारास आसाममधील आमगुरी बागेत हे यंत्र प्रथम वापरात आणले. उलट फिरणाऱ्या दातेरी रुळांमधून पान जाते, त्याच्या पेशी फुटतात, रस बाहेर येतो आणि वाळल्यावर त्याचे घट्ट, काळसर गोळे होतात. असा चहा चटकन रंग सोडतो, दुधापुढे हार मानत नाही आणि त्याच वजनात अधिक कप देतो. भारतात दरवर्षी सुमारे १३० ते १४० कोटी किलो चहा तयार होतो. त्यातील बहुतांश सीटीसी असतो आणि एकूण उत्पादनाचा सुमारे चार पंचमांश हिस्सा भारतीयच पितात.

पान हलकेच वळून, त्याचा आकार राखून केलेल्या चहाला व्यापारात ‘ऑर्थोडॉक्स’ म्हणतात. दार्जिलिंगचा जगप्रसिद्ध चहा या पद्धतीचा आहे. भौगोलिक मानांकन मिळालेले भारतातील ते पहिले उत्पादन ठरले. जळकोटच्या किराणा दुकानात हा चहा सहसा दिसत नाही. मागणीच नाही, आणि मागणी का नाही याचे कारण दुधाच्या पातेल्यात आहे. त्याविषयी पुढे.

दाणा काय सांगतो

कारखान्यात वाळलेला चहा चाळण्यांवर चाळला जातो आणि दाण्याच्या आकारावरून त्याची प्रतवारी होते. मोठा दाणा ‘ब्रोकन’, त्याखालचा ‘फॅनिंग्ज’ आणि अगदी बारीक तो ‘डस्ट’. यातील डस्ट या शब्दाने फार गैरसमज केला आहे. डस्ट म्हणजे झाडलोट करून गोळा केलेली धूळ नव्हे. ती कारखान्यातील अधिकृत प्रत असून उत्तम बागेची डस्ट सुमार बागेच्या मोठ्या दाण्यापेक्षा महाग विकली जाते. प्रतवारी आकार सांगते, दर्जा सांगत नाही, हे सुटा चहा घेताना पहिले लक्षात ठेवावे.

आकाराचा परिणाम मात्र कपात स्पष्ट दिसतो. दाणा जितका बारीक, तितका त्याचा पाण्याशी येणारा पृष्ठभाग अधिक आणि तितका रंग लवकर. म्हणून दिवसभर चहा उकळणाऱ्या टपरीला बारीक प्रत परवडते. दक्षिण भारतात डस्टची पसंती मोठी आहे, तर गुजरातेत मोठ्या, गोल दाण्याला मान आहे आणि तेथील व्यापारी त्याला ‘ममरी’ म्हणतात. एका बाजूला तेलंगण आणि कर्नाटक, दुसऱ्या बाजूला मुंबईचा बाजार, अशा मधल्या पट्ट्यात असलेल्या नांदेड-लातूर भागात दोन्ही चवी नांदतात. घरात दाणेदार आणि हॉटेलात भुकटी अशी विभागणीही सर्रास आढळते.

तळहातावर चिमूटभर चहा घेऊन पाहिला तरी बरेच कळते. चांगल्या सीटीसीचे दाणे सारख्या आकाराचे, घट्ट आणि काळसर तपकिरी असतात. बोटांत दाबल्यास ते सहज चुरडत नाहीत. तांबूस, धाग्यासारखे तुकडे अधिक दिसले तर त्यात देठ आणि रेषा जास्त आहेत असे समजावे. मोठा दाणा, बारीक भुकटी आणि काड्या एकाच मुठीत दिसल्या तर निरनिराळे उरलेसुरले माल एकत्र केल्याची शंका घ्यायला जागा आहे. मात्र दाणा फार चकचकीत आणि एकसारखा काळाभोर असेल तर त्यावर भाळण्याऐवजी पुढे दिलेली ओल्या कागदाची चाचणी आधी करावी.

परीक्षकाची पद्धत, घरच्या स्वयंपाकघरात

चहाचा घाऊक व्यापार चवीवर चालतो. कोलकात्यात भारतातील पहिला चहा लिलाव १८६१ मध्ये झाला. गुवाहाटीचे केंद्र १९७० मध्ये सुरू झाले, दक्षिणेत कोची, कुन्नूर आणि कोईमतूर येथे लिलाव होतात. आता बोली संगणकावर लागते, पण बोलीपूर्वी प्रत्येक मालाचा नमुना परीक्षक चाखतात. एकेका दिवसात शेकडो कपांची चव घेणारे हे परीक्षक चहा पीत नाहीत. चमच्यातून तो आवाज करीत जोराने ओढतात, तोंडभर फिरवतात आणि थुंकून टाकतात. ओढताना चहाचे बारीक तुषार होतात आणि त्याचा वास घशामागून नाकात चढतो, म्हणून हा आवाज. बशीतून भुरके मारणाऱ्या आजोबांना घरातील मंडळी नावे ठेवीत असली, तरी त्यांची पद्धत शास्त्राला धरून होती म्हणायला हरकत नाही.

चवीच्या तुलनेसाठी आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने १९८० मध्ये एक पद्धत निश्चित केली. ‘आयएसओ ३१०३’ या नावाने ती ओळखली जाते. दर १०० मिलिलिटर पाण्याला २ ग्रॅम चहा, नुकतेच उकळलेले पाणी, झाकण ठेवून ६ मिनिटे. ज्या ब्रिटिश मानकावर ही पद्धत आधारली आहे त्याला, चहा कसा करावा हे सहा पानांत सांगितल्याबद्दल, १९९९ मध्ये विनोदी संशोधनासाठीचे ‘इग नोबेल’ मिळाले. चेष्टा रास्त असली तरी पद्धत उपयोगाची आहे. तिचा हेतू उत्तम चहा करणे हा नाहीच. सर्व नमुन्यांना एकसारखी वागणूक देणे, एवढाच आहे.

घरी हे करण्यासाठी दुकानातून तीन किंवा चार प्रकारचा चहा पन्नास-पन्नास ग्रॅम आणावा. पुड्यांवर फक्त आकडे घालावेत आणि दर दुसऱ्या कोणाकडे तरी लिहून ठेवावेत. दर ठाऊक असला की जीभ पक्षपाती होते. पांढरे, आतून स्वच्छ असे सारखे कप घ्यावेत. स्टीलच्या पेल्यात रंग कळत नाही. वजनाचा छोटा काटा असल्यास उत्तम, नसल्यास एकच चमचा सपाट भरून वापरावा. मात्र बारीक भुकटी चमच्यात वजनाने अधिक मावते हे ध्यानात असू द्यावे. सर्व कपांत एकाच भांड्यातील उकळते पाणी ओतावे, बशीने झाकावे आणि सहा मिनिटांनी दुसऱ्या कपांत गाळून घ्यावे. ही पहिली चव दुधा-साखरेविना घ्यायची आहे.

पाहण्याच्या गोष्टी तीन. पहिली कोरडी पूड, जी आपण आधीच पाहिली. दुसरी गाळणीत उरलेला ओला चोथा. तो तांबूस, ताज्या तांब्यासारखा उजळ असेल तर पानावर नीट प्रक्रिया झाली आहे. हिरवट असेल तर ती अपुरी राहिली, काळपट आणि निस्तेज असेल तर अति झाली किंवा माल जुना आहे. बहुतेक घरांत हा चोथा न पाहताच तुळशीच्या कुंडीत जातो, पण परीक्षक कोरड्या पुडीइतकाच विश्वास त्यावर ठेवतात.

तिसरी गोष्ट म्हणजे प्रत्यक्ष अर्क. चांगल्या चहाचा कोरा अर्क गडद असूनही पारदर्शक आणि चमकदार असतो, कपाच्या कडेला सोनेरी वलय दिसते. ही चमक ‘थिॲफ्लेविन’ या घटकाची असून जिभेला जाणवणारी तरतरीही मुख्यतः त्याचीच. गडद रंग आणि भरदारपणा येतो तो ‘थिॲरुबिजिन’मुळे. केवळ रंग गडद पण चव सपाट, असा चहा असेल तर दुसरा घटक भरपूर आणि पहिला कमी आहे. आपल्या बाजारात ‘कडक’ या एकाच शब्दात हे दोन्ही गुण कोंबले जातात आणि तेथेच गल्लत होते. कडक म्हणजे काळा नव्हे. जिभेच्या कडांना आणि गालांना आतून क्षणभर आवळणारी, पण लगेच सुटणारी तुरटी ही चांगल्या कडकपणाची खूण आहे. घोट घेतल्यावर बराच वेळ जिभेवर बसून राहणारा कडवटपणा ही वाईट खूण.

आसामच्या चांगल्या चहात भाजलेल्या धान्याचा, किंचित गोडसर वास येतो. इंग्रजी परीक्षक त्याला माल्टची उपमा देतात. मराठवाड्यात ज्वारीचा हुरडा आगटीत भाजताना जो वास दरवळतो, त्याच्या जवळपास जाणारा हा वास आहे. निलगिरीच्या चहात फुलांचा हलका सुगंध आणि पातळ, उजळ अर्क मिळतो. दार्जिलिंगच्या दुसऱ्या बहराची तुलना जाणकार मस्कत द्राक्षांशी करतात. याउलट धुरकट, करपट, ओलसर कुबट आणि नुसताच गवती असे वास दोषांचे आहेत. करपट वास भट्टीची उष्णता अधिक झाल्याचा आणि कुबट वास साठवणुकीत ओल लागल्याचा.

पाणी

एवढे करूनही उदगीरला आवडलेला चहा लातूरला बेचव लागू शकतो. दोष चहाचा नसून पाण्याचा असतो. कपात ९८ टक्के पाणी असताना चर्चा नेहमी उरलेल्या दोन टक्क्यांचीच होते.

मराठवाड्याची जमीन काळ्या बेसाल्ट खडकावर आहे. या खडकातून येणारे विहिरीचे आणि विशेषतः खोल विंधनविहिरीचे पाणी बऱ्याच ठिकाणी जड असते, म्हणजे त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट यांचे प्रमाण जास्त असते. अशा पाण्यात चहाचा रंग मळकट होतो, तरतरी मावळते आणि कोऱ्या चहावर तवंग येतो. हा तवंग दुधाचा किंवा भेसळीचा आहे असे समजून अनेकजण चहा बदलतात. लंडनच्या इंपिरियल कॉलेजमधील मायकेल स्पायरो आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९९० च्या दशकात या तवंगाचा अभ्यास केला. पाण्यातील कॅल्शियम आणि बायकार्बोनेट यांच्या सान्निध्यात चहातील घटकांचा हवेशी संयोग होऊन तो बनतो, शुद्ध केलेल्या पाण्यात तो येत नाही, असे त्यात दिसून आले. कोऱ्या चहात लिंबू पिळताच तवंग नाहीसा होतो आणि रंगही फिका पडतो, तो आम्लामुळे.

पाण्याचे हे महत्त्व चहा कंपन्यांना शंभर वर्षांपूर्वीच उमगले होते. थॉमस लिप्टन यांनी ब्रिटनमध्ये गावोगावच्या पाण्याला साजेल अशी चहाची मिश्रणे विकून त्याची जाहिरातही केली. आजही मोठ्या कंपन्या एकाच नावाच्या पुडीत प्रदेशानुसार वेगळे मिश्रण भरतात. तालुक्याच्या गावातील जुना दुकानदार आपल्या डब्यात मिसळ करतो तेव्हा नकळत तेच करीत असतो. गावच्या पाण्यात कोणता माल रंग देतो हे त्याने गिऱ्हाइकांच्या तक्रारींवरून शिकलेले असते.

लातूरकरांना पाण्याचा हा धडा वेगळ्या रीतीने मिळाला आहे. मांजरा धरण कोरडे पडल्यानंतर १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाणी घेऊन पहिली रेल्वेगाडी लातुरात आली. दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी आले, पुढे गाडी पन्नास वाघिणींची झाली. त्या उन्हाळ्यात जिल्ह्यात कुठे टँकरचे, कुठे विंधनविहिरीचे, कुठे विकतच्या जारचे पाणी अशी सरमिसळ होती. पाण्याचा उगमच आठवड्यागणिक बदलत असताना चहाची चव एकसारखी राहणे शक्य नव्हते.

टंचाई नसतानाही घरात दोन प्रकारचे पाणी असते हे लक्षात घेऊन तुलना करावी. एकाच चहाचे दोन कप करावेत, एक नळाच्या किंवा विहिरीच्या पाण्याचा आणि एक शुद्धीकरण यंत्रातील अथवा जारच्या पाण्याचा. फरक कित्येकदा दोन निरनिराळ्या चहांमधील फरकापेक्षा मोठा निघतो. क्षार जवळजवळ काढून टाकलेल्या पाण्यात अर्क उजळ येतो, पण तुरटी बोचरी होऊ शकते. त्यात चहा थोडा कमी घालावा. जड पाणी आधी उकळून, निवळू देऊन वरचे वापरल्यास उकळण्याने खाली बसणारे क्षार कमी होतात. पातेल्याच्या बुडाशी साचणारा पांढरा थर तो हाच.

दूध आणि गूळ

कोरी चव घेऊन झाली की दुसरी फेरी दुधाची घ्यावी, कारण प्रत्यक्षात चहा तसाच प्यायला जाणार आहे. दुधातील ‘केसीन’ हे प्रथिन चहातील तुरट द्रव्यांना बांधून ठेवते, त्यामुळे तुरटी सौम्य होते. नाजूक चहात सौम्य करण्याजोगे फारसे नसते. दार्जिलिंग दुधात घालून उकळला की महागडे गरम दूध तेवढे उरते, आणि मराठवाड्यात तो न खपण्याचे कारण हेच. सीटीसीला मात्र दुधाने गोलाई येते. चांगला माल असेल तर दूध घातल्यावर रंग तांबूस-सोनेरी होतो. राखट किंवा करडा झाला तर चहा निकृष्ट किंवा शिळा आहे. दुधासह केलेली ही रंगाची परीक्षा परीक्षकही करतात.

या भागाला दुधाची परंपरा आहे. देवणी हा लातूर जिल्ह्यातील गावाच्या नावाने ओळखला जाणारा गोवंश, शेजारच्या कंधारचा लाल कंधारी आणि मराठवाडी म्हैस या तिन्ही मान्यताप्राप्त जाती आहेत. म्हशीच्या दुधात स्निग्धांश बराच अधिक असल्याने ते चहाची चव झाकते. म्हशीच्या दुधाला कडक आणि बारीक दाणा, गाईच्या दुधाला मध्यम दाणा, असा ढोबळ मेळ घालता येतो. हैदराबादी पद्धतीत कोरा अर्क आणि आटवलेले दूध वेगवेगळे ठेवून कपात एकत्र करतात. १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात असलेल्या या पट्ट्याला ती पद्धत परकी नाही. तुलनेसाठीही ती सोयीची, कारण प्रत्येक नमुन्यात मोजून सारखेच दूध घालता येते.

लातूर शहरात गूळ मार्केट नावाचा भागच आहे, तेव्हा गुळाचा चहा येथे नवी टूम म्हणून आलेला नाही. गुळातील आम्ल आणि क्षार यांमुळे दूध फाटते, म्हणून गूळ चहाच्या पाण्यात पूर्ण विरघळू द्यावा, पातेले खाली उतरवावे आणि गरम दूध शेवटी घालून पुन्हा उकळी आणू नये. चहाची पारख करताना मात्र गूळ, आले, वेलदोडा सारेच बाजूला ठेवावे. आल्याने सुमार चहा खपून जातो. टपरीवरचा मसाला अनेकदा त्याच कामी लागलेला असतो.

किलोचा दर आणि कपाचा दर

सुट्या चहाची निवड बहुतेक घरांत किलोच्या दरावर होते. हिशेब कपावर करून पाहावा. समजा एक चहा ३०० रुपये आणि दुसरा ४५० रुपये किलो आहे. एका कपाला अडीच ग्रॅम धरले तर पहिल्याचे ७५ पैसे आणि दुसऱ्याचे सुमारे १ रुपया १२ पैसे होतात. फरक ३७ पैशांचा. त्याच कपात ६० रुपये लिटरचे ५० मिलिलिटर दूध घातले तर तेच ३ रुपयांचे होते. म्हणजे कपातील सर्वांत स्वस्त जिन्नसांपैकी एक असलेल्या चहापुडीवर काटकसर केली जाते आणि तिची चव सुधारण्यासाठी दूध वाढवले जाते. दिवसाला दोनशे कप विकणाऱ्या टपरीचे गणित वेगळे. तेथे याच फरकाचे दिवसाला ७५ आणि महिन्याला २,२५० रुपये होतात, त्यामुळे टपरीवाल्याने स्वस्त भुकटी घेतली तर नवल नाही.

दुसऱ्या टोकाला केवळ प्रतिष्ठेचे दर आहेत. डिसेंबर २०२१ मध्ये आसामच्या ‘मनोहारी गोल्ड’ या चहाला गुवाहाटीच्या लिलावात किलोला ९९,९९९ रुपये मिळाले. अशा दरांचा रोजच्या चहाशी संबंध नाही. बहराचा संबंध मात्र आहे. आसाममध्ये मे अखेर ते जून या काळातील दुसऱ्या बहराचा चहा सर्वांत भरदार समजला जातो. पावसाळ्यात पान झपाट्याने वाढते, उत्पादन भरघोस आणि चव पातळ होते. हिवाळ्यात तोडणी थांबते. त्यामुळे एकाच डब्यातील, एकाच दराचा चहा वर्षभर सारखा लागत नाही, यात दुकानदाराची लबाडी असेलच असे नाही.

रंग येतो कुठून

लबाडीही असते. वापरलेला चोथा वाळवून पुन्हा रंगवणे, कोळशाच्या डांबरापासून काढलेले कृत्रिम रंग लावणे, अन्य पाने किंवा टरफलांची भुकटी मिसळणे हे जुने प्रकार आहेत. चहाच्या टाकाऊ मालाच्या व्यवहारावर नियंत्रण आणण्यासाठी केंद्राने १९५९ मध्येच स्वतंत्र आदेश काढला, यावरून या दुखण्याचे वय कळावे. २०२४ मध्ये आसाम, पश्चिम बंगालसह काही राज्यांतील कारखान्यांना डस्ट प्रतीचा सर्व चहा सार्वजनिक लिलावातूनच विकण्याचे बंधन घालण्यात आले. मालाच्या दर्जावर नजर राहावी हा त्यामागील एक हेतू होता.

भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने घरी करण्याजोगी चाचणी सांगितली आहे. गाळणकागद, आणि तो नसल्यास पांढरा टिपकागद, घेऊन त्यावर थोडा चहा पसरावा आणि थंड पाणी शिंपडून कागद ओला करावा. रंग लावलेला असेल तर कागदावर तत्काळ डाग उमटतात. चहा झटकून कागद नळाखाली धुवावा आणि उजेडासमोर धरून पाहावा. अस्सल चहाचा डाग राहत नाही. थंड पाण्याच्या ग्लासात चिमूटभर चहा टाकताच लालसर रेघा खाली उतरू लागल्या तरी संशय घ्यावा. लोखंडाचा कीस तपासण्यासाठी चहात लोहचुंबक फिरवतात. सीटीसी यंत्राचे रूळ झिजल्याने अत्यल्प लोह येतेच, त्यामुळे दोन-चार कण चिकटले म्हणून घाबरू नये. चुंबक भरून आले तर मात्र तो चहा परत करावा.

घरची चाचणी संशय निर्माण करू शकते, सिद्ध काही करत नाही. नियमानुसार चहातील पाण्यात उतरणारा अंश किमान ३२ टक्के आणि एकूण राख ४ ते ८ टक्के असावी लागते, आणि हे प्रयोगशाळेतच कळते. चोथा पुन्हा वाळवून विकला असेल तर पहिल्या आकड्यातच तो पकडला जातो. अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ४० नुसार ग्राहकाला शुल्क भरून विकत घेतलेल्या पदार्थाचे पृथक्करण करून घेता येते, आणि तक्रार अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयाकडे देता येते. सुट्या मालाची पावती बहुधा घेतली जात नाही, आणि तक्रार तेथेच कच्ची पडते.

चहा आणि भाकरी

सकाळी चहाबरोबर भाकरी किंवा चपाती खाण्याची पद्धत या भागात सर्रास आहे. चहातील तुरट द्रव्ये धान्य आणि भाजीतील लोह शरीरात शोषू देत नाहीत. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत जेवणाआधी व नंतर किमान एक तास चहा-कॉफी टाळण्यास सांगितले आहे. चहा जितका कडक आणि जितका अधिक उकळलेला, तितका हा परिणाम मोठा. तेव्हा चहाची चव घ्यायची तीही सकाळच्या न्याहारीपासून दूर, दुपारी तीन-चारच्या सुमारास घेतलेली बरी. त्या वेळी जीभही ताजी असते.

निवडलेला चहा एका वेळी महिनाभराचाच घ्यावा. चहा ओल आणि वास दोन्ही झपाट्याने ओढून घेतो. किराणा दुकानात त्याचा डबा हिंग, कापूर, उदबत्ती किंवा साबणाच्या शेजारी असेल तर नमुना घेतानाच हुंगून पाहावा. घरी घट्ट झाकणाचा स्टीलचा किंवा पत्र्याचा कोरडा डबा वापरावा, मसाल्याच्या फडताळात ठेवू नये, आणि ओला चमचा आत घालू नये. पावसाळ्यात दाणे एकमेकांना चिकटू लागले किंवा दाबल्यावर मऊ लागले तर त्यात ओल शिरली आहे. असा चहा तव्यावर परतून कोरडा करता येतो, पण गेलेला वास परत येत नाही.